सर्वांना सरकारी खर्चाने आरोग्यसेवा: देशाने द्यावी का, आणि द्यायची तर सुरुवात कुठून?

हातमाग_चौक

स्वातंत्र्याआधी देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा विचार करायला नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला. खिशात पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये, हे त्यातलं मूळ तत्त्व. त्यानंतर आपल्याकडे योजना पुष्कळ आल्या आणि सोलापूर त्यात मागे नव्हतं. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली, त्यात आपला जिल्हा होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं आणि जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पिवळ्या-केशरीबरोबर पांढऱ्या रेशनकार्डालाही ५ लाखांपर्यंत उपचार लागू झाले. केंद्राचं आयुष्मान भारत सप्टेंबर २०१८ पासून आहे, दोन्ही योजना आता जोडलेल्या आहेत.

मग सगळ्यांना मिळालंच की, असं बरेच जण म्हणतात. माझ्या मते मिळालेलं नाही. कार्ड कामाला येतं ते माणूस खाटेवर पडल्यावर. त्याआधीची बीपीची गोळी, साखरेची तपासणी, खोकल्यासाठी काढलेला एक्स-रे, हे सगळं खिशातूनच जातं. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्यखर्चातला ६४ टक्क्यांहून जास्त खर्च लोक स्वतः करत होते. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. उतरला हे चांगलंच, पण शंभरातले चाळीस रुपये अजून आजारी माणूसच मोजतोय.

प्रश्न असा: देशाने सगळ्यांसाठी, कार्ड न विचारता, करातून चालणारी आरोग्यसेवा स्वीकारावी का? पैसे कुणी भरायचे? आणि पहिली वीट कुठे ठेवायची? ज्यांना या कामाची आतून माहिती आहे त्यांनी मोकळेपणाने लिहावं.

मंगळवेढा_ज्वारी

स्वीकारावी. आणि पहिली वीट उपकेंद्रात. बाकी नंतर लिहितो.

टॉवेल_काठ

पैसे कुणी भरायचे यावर. सोलापुरात एक नमुना रोज चालू आहे, त्याच्याकडे बघू. ईएसआय, म्हणजे कामगारांचा राज्य विमा. जुलै २०१९ पासून मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के. १५ हजार पगार असेल तर कामगाराचे ११३ रुपये कापले जातात, मालक ४८८ भरतो. महिना ६०१ रुपयांत कामगार, त्याची बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील यांचा बाह्यरुग्ण, औषधं, भरती, सगळा उपचार. आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी वेगळी. विमा म्हणून बाजारात यातलं निम्मंही या भावात मिळत नाही.

अडचण आहे ती मर्यादांची. २१ हजारांच्या वर पगार गेला की माणूस बाहेर. (मध्येच पगारवाढ झाली तर वर्गणीचा तो सहामाही काळ संपेपर्यंत आत राहता येतं. हे पुष्कळांना माहीत नसतं आणि लोक आधीच कार्ड टाकून देतात.) आणि कारखान्यात दहा माणसं पाहिजेत. आपल्याकडे यंत्रमागाच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आठ-आठ माणसांचे तीन परवाने असले की चोवीस कामगार कायद्याच्या नजरेला दिसतच नाहीत. मालकालाही दोष देऊन भागत नाही, टॉवेलच्या किलोमागे जे सुटतं ते अगदी थोडं असतं.

म्हणून नोकरीला बांधलेली वर्गणी आपल्या गावात पुरी पडणार नाही, असं माझं मत. जर्मनीत १८८३ पासून वर्गणीवर चाललं, कारण तिथे पगारपत्रकावर माणसं होती. आपल्याकडे पगारपत्रकच नाही.

शेंगाचटणी

@टॉवेल_काठ, रजेचे पैसे लगेच मिळतात का?

टॉवेल_काठ

नाही. उपचार नोकरीच्या पहिल्या दिवसापासून, फक्त मोठ्या उपचारांना वेगळ्या अटी आहेत. रोख लाभाचं गणित निराळं. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा. आणि त्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. दिवाळीनंतर माग बंद राहिले की हे ७८ दिवस भरत नाहीत, गाडी तिथेच अडते.

पानतंबाखूदोरा

पगारपत्रकाचा मुद्दा अगदी खरा आहे. विडीचं बघा. सोलापूरच्या पूर्वभागातल्या बायका घरीच विड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात कात्रीने कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ, आणि मजुरी हजार विड्यांमागे. मान खाली, बोटं सतत चालू, नाकाशी तंबाखूची धूळ. या कामाला दमा, खोकला, पाठदुखी, डोळ्यांचा त्रास लागलेलाच.

१९७६ च्या कायद्याने विडीवर उपकर बसवला होता आणि त्या पैशांतून विडी कामगारांचे दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरकुलं चालत. शेवटी दर हजार विड्यांना ५ रुपये होता. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि उपकर गेला. दवाखाने राहिले, पण त्यांचा स्वतःचा झरा आटला. आता अंदाजपत्रकात जे येईल ते.

एका धंद्यावर कर बसवून त्याच धंद्यातल्या माणसांची सोय करायची, ही पद्धत किती नाजूक असते ते यावरून कळतं. करपद्धत बदलली की पहिली कुऱ्हाड तिच्यावर. सगळ्यांची सेवा सगळ्यांच्या करातून असली तर एवढ्या सहज हात लागत नाही, कारण मग आरडाओरडा करणारे सगळेच असतात.

काउंटर_पलीकडे

मूळ प्रश्न मोठा आहे, पण आज जे हातात आहे ते वापरताना लोक कुठे अडकतात ते लिहितो. नवी व्यवस्था आली तरी हेच खड्डे राहणार.

क्रम असा. रेशनकार्ड आणि फोटोचं ओळखपत्र, शक्यतो आधार, घेऊन अंगीकृत, म्हणजे योजनेत घेतलेल्या, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेचा तिथला माणूस) नोंदणी. मग डॉक्टर तपासतात, निदानाचे अहवाल जोडले जातात, ऑनलाइन पूर्वमंजुरी मागितली जाते, मंजुरी आली की उपचार. तातडीचं असेल तर फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून. "आधी कागद, मग खाट" असं तातडीच्या रुग्णाला कुणी सांगितलं तर ते चूक आहे, तिथल्या तिथे १५५३८८ ला फोन लावावा. आयुष्मानसाठी १४५५५.

आता चुका कुठे होतात:

नाव. रेशनकार्डावर "व्यंकटेश", आधारवर "वेंकटेशम". आपल्याकडे तेलुगू आणि कानडी नावं मराठीत, मग इंग्रजीत, मग परत मराठीत लिहिली जातात आणि दर वेळी एक मात्रा हलते. आजारी पडायच्या आधी, आजच, घरातल्या प्रत्येकाची दोन्ही कार्डं शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा.

कार्डात नाव नसणं. लग्न होऊन आलेली सून माहेरच्या कार्डातून कमी केलेली, सासरच्या कार्डात चढवलेली नाही. बाळंतपणात काही गुंतागुंत झाली की हे उघडं पडतं. नवजात बाळाला मात्र जन्माचा दाखला आणि आईवडिलांचं कार्ड चालतं.

रुग्णालय योजनेत आहे, पण त्या विभागासाठी नाही. हृदयासाठी अंगीकृत असेल, हाडांसाठी नसेल. दारावरची पाटी बघून रुग्णाला आत नेऊ नका. "या आजारासाठी योजनेत आहात का?" असं स्पष्ट विचारा. शिवाय काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत.

आणि सगळ्यात मोठं: निदान होईपर्यंतचा खर्च. आयुष्मानमध्ये भरतीआधीचे ३ दिवस आणि सुटीनंतरचे १५ दिवस धरलेले आहेत. पण एमआरआय काढला आणि निघालेला आजार यादीतच नसला, तर ते बिल तुमचं. धागाकर्ते म्हणतात ते इथे पटतं.

हातमाग_चौक

@काउंटर_पलीकडे, हे प्रत्येक वॉर्डात फलकावर लावावं असं आहे. मनापासून आभार.

नवी_पेठ

थोडं विरुद्ध लिहितो, समजून घ्यावं.

सगळ्यांना सगळं द्यायचं म्हणताना रुग्णालय चालवणाऱ्याचा हिशोब कुणी मांडत नाही. पॅकेज म्हणजे एका उपचाराचा ठोक दर. खाट, शस्त्रक्रिया, भूल, औषधं, रोपण, जेवण, सगळं त्यात. सांधा बसवायचा असेल तर रोपणाचे, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याचे, पैसे विक्रेत्याला ठरल्या मुदतीत द्यावे लागतात. परिचारिकांचा पगार एक तारखेला, विजेचं बिल आपल्या तारखेला. योजनेचा पैसा उशिरा आला तर वीस-तीस खाटांचं रुग्णालय कर्ज काढून चालवायचं का? मोठं रुग्णालय पैसे भरणाऱ्या रुग्णांवर तोल सांभाळतं, छोट्याकडे तशी सोय नसते. मग छोटे बाहेर पडतात, अक्कलकोट-करमाळ्याकडचा रुग्ण सोलापूरला, आणि सोलापूरचा पुण्याला. खर्च सरकारचा, पण गाडीभाडं, जेवण आणि बुडालेली मजुरी रुग्णाच्याच अंगावर.

राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला तेव्हा खासगी डॉक्टर रस्त्यावर आले, त्यामागे हाच प्रश्न होता. तातडीचा रुग्ण पैसे न घेता बघा म्हणता, ठीक, माणुसकी आहेच. मग त्याची भरपाई कोण, किती दिवसांत करणार, ते कायद्यातच लिहा.

माझा सर्वांसाठी सेवेला विरोध नाही. दर कसा ठरतो आणि पैसे कधी येतात, हे न ठरवता घोषणा करण्याला आहे.

भुईकोट

नवी_पेठ यांचा मुद्दा रास्त आहे. म्हणूनच ज्यांनी हे करून दाखवलं त्यांनी पैसे कसे दिले ते बघावं लागतं.

जपानमध्ये १९६१ पासून प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या सार्वजनिक विम्यात आहे. रुग्ण साधारण ३० टक्के भरतो, पण महिन्याची कमाल मर्यादा ठरलेली, त्यावर फारसा बोजा नाही. महत्त्वाचं म्हणजे साऱ्या देशाला एकच दरपत्रक, आणि ते दर दोन वर्षांनी बसून सुधारतात. आपल्याकडे दर ठरला की वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि भांडण साठत जातं.

थायलंडचं उदाहरण मला आपल्या जास्त जवळचं वाटतं. २००२ मध्ये त्यांनी सगळ्यांना सेवा दिली, भेटीमागे ३० बात (तिथलं चलन) भरायचे. पैसा करातून. बाह्यरुग्णांसाठी नोंदलेल्या डोक्यांप्रमाणे ठरावीक रक्कम जवळच्या जिल्हा रुग्णालयाच्या जाळ्याला आधीच मिळते. रुग्ण कमी आजारी पडले तर पैसे वाचतात, त्यामुळे बीपी-साखर आटोक्यात ठेवण्यात रुग्णालयाचाच फायदा. भरती रुग्णांना आजाराच्या गटानुसार पैसे, पण एकूण रकमेला कुंपण घातलेलं. उपचार पुरवणारा आणि पैसे देणारा असे दोन वेगळे विभाग केले, म्हणजे एकाच खात्याने स्वतःचीच पाठ थोपटायची सोय राहिली नाही.

पण लक्षात घ्या, २००२ च्या आधी कितीतरी वर्षं त्यांनी तालुक्या-तालुक्यात रुग्णालयं बांधली आणि नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा सक्तीची केली. कार्ड शेवटी आलं. आपण आधी कार्ड छापलं.

अक्कलकोट_रोड

भुईकोटदादा, शेवटचं वाक्य लैच नेमकं बसलं. पण इंग्लंडकडं बगा की. जुलै १९४८ पासून मोफत, आणि आता लोक शस्त्रक्रियेसाठी रांगेत. डॉक्टरची चिठ्ठी मिळाल्यापासून १८ आठवड्यांत उपचार हे तिथलं ठरलेलं माप, ते पाळणं होईना झालंय. फुकट ठेवलं की रांग वाढणारच ना ओ?

भुईकोट

रांग आपल्याकडेही आहेच. तिथे ती गरजेप्रमाणे लागते आणि तिची लांबी दर महिन्याला जाहीर होते. आपल्याकडे पैसेवाला पुढे जातो आणि बाकीचे रांगेतून गळून घरी बसतात. घरी बसलेल्यांची मोजदाद कोण करतं? १८ आठवडे हे माप निदान लिहिलेलं आहे, म्हणून चुकलं हे तरी कळतं.

चंद्रभागा_तीर

थोडं विषयांतर. कार्ड न विचारता सेवा कशी असते ते बघायचं असेल तर आषाढीला पंढरपुरात या. वारीच्या वाटेवर ठरावीक अंतरावर दवाखाने, फिरती पथकं, १०८ च्या रुग्णवाहिका, पाण्याच्या टँकरची क्लोरीन तपासणी. वारकरी येतो, पाय पुढे करतो. फोड आलेला, भेगांत चिखल. पाय धुऊन, मलम लावून पट्टी बांधतात, ओआरएसची पाकिटं हातात देतात, आणि तो "माउली" म्हणून निघतो. तो परभणीचा की विजयपूरचा, कार्ड पिवळं की पांढरं, कुणी विचारत नाही. लाखो माणसांना.

म्हणजे आपल्याला येत नाही असं नाही.

शेंगाचटणी

+१. डोळ्यासमोर उभं राहिलं.

नवी_पेठ

चंद्रभागाताई, सुरेख लिहिलंत. पण ते काही दिवसांसाठी इतर जिल्ह्यांतून माणसं आणि औषधं ओढून आणून केलेलं असतं. वर्षभर तेच करायचं तर ती माणसं कायमची भरावी लागतील. कंत्राटावर अकरा-अकरा महिने ठेवून जमणार नाही.

चंद्रभागा_तीर

अगदी कबूल. माझंही मागणं तेच आहे.

सातरस्ता

एक गोंधळ दूर करतो, कारण त्यावरून दवाखान्यात वाद होतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यांत केसपेपर, तपासण्या मोफत झाल्या, हे खरं. पण तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांसाठी आहे: प्राथमिक केंद्रं, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं वगैरे. आपलं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे आणि ते वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतं. महापालिकेचे दवाखाने तिसऱ्याच हाताखाली. एका शहरात तीन मालक, तीन नियम. खिडकीवरच्या माणसाशी भांडून उपयोग नाही, नियम वरचा आहे.

सर्वांसाठी सेवा म्हणायची तर आधी हे एका छताखाली आणा. आरोग्य राज्यसूचीत आहे, त्यामुळे "देशाने" म्हटलं तरी करायचं राज्यालाच, आणि केंद्राने पैसा वाढवायचा. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणात सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) २.५ टक्के सरकारी खर्च २०२५ पर्यंत करू असं लिहिलं होतं. २०२१-२२ चा आकडा १.८४ टक्के.

काउंटर_पलीकडे

आणखी एक, धर्मादाय रुग्णालयांबद्दल. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खाली १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात राखीव आहेत, आणि रुग्णालयाने बिलांच्या २ टक्के रक्कम यासाठी वेगळी ठेवायची असते. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड दाखवायचं. आपला उपचार योजनेच्या यादीत नसेल तेव्हा ही वाट विचारून बघा. शिल्लक खाटा किती, हे समाजसेवा अधीक्षकाला भेटून विचारायचं. बिल झाल्यावर नव्हे, भरती होतानाच.

उपकेंद्र_पायरी

खाटा, पॅकेज, कार्ड यावर बरंच झालं. बार्शीचं उदाहरण देते, ते आपल्याच जिल्ह्याचं आहे आणि पुरेसं सांगितलं जात नाही.

बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात १९८७ पासून ग्रामीण भागाची कर्करोग नोंदवही आहे, खेड्यातल्या लोकांची अशी देशातली पहिली. त्याच मंडळींनी टाटा रुग्णालयाबरोबर शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास केला. वय ३० ते ५९. त्यातल्या एका गटाची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आयुष्यात एकदा एचपीव्ही (या कर्करोगामागचा विषाणू) तपासणी, त्यात काही सापडलं तर उपचार. २००९ मध्ये निष्कर्ष आले: ज्या गावांत ही तपासणी झाली तिथे या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एका तपासणीने!

आता बघा, कर्करोगाची शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमो, सगळं योजनेत बसतं. पण ती तपासणी बसत नाही, कारण तपासणीला आलेली बाई आजारी नसते, भरती होत नसते. म्हणजे कर्करोग वाढू दिला तर योजना पैसे देणार, थांबवायला निघालं तर नाही.

बीपीचं तेच. उपकेंद्रात बीपी मोजायचं: पाच मिनिटं शांत बसवून, दंड छातीच्या पातळीत, दोनदा. १४०/९० च्या वर कायम असेल तर ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, महिन्याने परत. उतरलं नाही तर टेल्मिसार्टन ४० जोडायची. नियम साधा आहे आणि औषध स्वस्त आहे. बिघडतं कुठे? तीस गोळ्या द्यायच्या ऐवजी साठा कमी म्हणून दहा दिल्या जातात. दहा दिवसांनी विडी वळणाऱ्या बाईला परत यायचं तर अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. ती येत नाही. गोळी सुटते, बरं वाटतंय म्हणून महिने जातात, आणि एक दिवस अर्धं अंग लुळं पडतं. तेव्हा ५ लाखांचं कार्ड चालू होतं.

पानतंबाखूदोरा

उपकेंद्र_पायरी ताई, दहा गोळ्यांची गोष्ट शंभर टक्के खरी. आणि अर्धांग झाल्यावर घरी चालणारा व्यायाम, कुबडी, कुणीतरी सोबत बसणं, याला पॅकेज नाही. ती सोबत म्हणजे बहुतेक वेळा शाळा सोडलेली मुलगी.

अक्कलकोट_रोड

हे वाचून माझा रांगेचा मुद्दा मागं घेतो. पण साठा कमी का पडतो? पैसे नाहीत म्हणून की खरेदी होत नाही म्हणून?

भुईकोट

दोन्ही, पण खरेदीचा वाटा मोठा. तामिळनाडूने १९९४ मध्ये औषधांसाठी वेगळं महामंडळ काढलं. अत्यावश्यक औषधांची ठरावीक यादी, साऱ्या राज्याची एकत्र निविदा, जिल्ह्यागणिक कोठार, आणि प्रत्येक दवाखान्याला पासबुक. दवाखाना पासबुकातल्या रकमेइतकं औषध आपल्या गरजेप्रमाणे उचलतो, त्यामुळे वरून नको ती औषधं येऊन मुदत संपत नाही. प्रत्येक खेपेचे नमुने प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय वाटप नाही. राजस्थानने २०११ मध्ये त्याच धर्तीवर मोफत औषधं सुरू केली. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला. आता पासबुक आणि कोठारं तालुक्यापर्यंत आली पाहिजेत.

नवी_पेठ

असं असेल तर माझं उत्तर बदलतं. बाह्यरुग्ण, औषधं आणि तपासण्या पूर्णपणे करातून, सरकारी केंद्रांत, सगळ्यांना. कार्ड नको. आणि भरतीसाठी सरकारी-खासगी मिळून, दर दोन वर्षांनी सुधारणारं एक दरपत्रक, पैसे ठरल्या दिवसांत, उशीर झाला तर व्याज. या दोन अटींवर खासगी डॉक्टर सोबत येतील असं मला मनापासून वाटतं.

टॉवेल_काठ

ईएसआयचे जे दवाखाने उभे आहेत ते यात सगळ्यांना उघडता येतील का? इमारती आहेत, डॉक्टर आहेत.

सातरस्ता

कामगारांच्या वर्गणीचा पैसा आहे, त्यामुळे त्यांची मान्यता लागेल. पण सरकारने बाहेरच्या रुग्णामागे ठरावीक रक्कम महामंडळाला दिली तर हिशोब बसतो.

मंगळवेढा_ज्वारी

नंतर लिहितो म्हटलं होतं. नियम मैदानी भागात ५ हजार लोकांना एक उपकेंद्र, ३० हजारांना एक प्राथमिक केंद्र असा आहे. आपापल्या गावात पुढच्या सोमवारी जाऊन एवढं करा: उपकेंद्रात ॲम्लोडिपिन आणि मेटफॉर्मिनच्या (साखरेच्या) गोळ्या किती शिल्लक आहेत, बीपीच्या एका रुग्णाला एका वेळी किती गोळ्या देतात, आणि मागच्या महिन्यात किती दिवस गोळ्या नव्हत्या, एवढे तीन आकडे विचारा. सिस्टरवर आवाज चढवू नका, बहुतेक वेळा तीच वर मागणी पाठवून थकलेली असते. तिच्या मागणीपत्राची तारीखही लिहून घ्या. आकडे इथे टाका, गावाच्या नावासह. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेता येतो, त्यासाठीचा अर्ज मी उद्या इथे लिहून देतो.

उपकेंद्र_पायरी

रक्तदाबमापकाचा पट्टा फाटलेला आहे का आणि सेल आहेत का, हेही बघा. चौथा आकडा म्हणून धरा.

हातमाग_चौक

सोमवारी पूर्वभागातले दोन दवाखाने मी बघतो. कुंभारीकडे कुणी जाणारं आहे का?

पानतंबाखूदोरा

कुंभारी माझ्याकडे.